सुदैवाने, पलंग रिकामा होता

मी एकवीस वर्षं माफी मागण्याचा पगार घेतला. चूक प्लंबरची, छत संस्थेचं, पाऊस देवाचा आणि माफी माझी, अशी कामाची वाटणी होती. आमची सुनीता म्हणते, "घरात आजवर एकदाही न मागितलेली माफी या माणसाने बाहेर घाऊक भावात वाटली." ती फार्मसिस्ट आहे. मोजून देते, पण कडक देते.

कॉव्हेंट्रीतल्या एका हाउसिंग असोसिएशनमध्ये मी तक्रारींची उत्तरं लिहीत असे. हा काय प्रकार असतो ते तिकडच्या वाचकांसाठी सांगतो, कारण माझ्या सख्ख्या भावाला अजून वाटतं की मी इंग्लंडात एका सोसायटीचा सेक्रेटरी होतो. ज्यांना बाजारभावाने घर परवडत नाही त्यांना कमी भाड्यात घरं देणारी ही संस्था. घर तिचं, त्यामुळे दुरुस्तीही तिनेच करायची. ती झाली नाही, उशिरा झाली किंवा होऊन आधीपेक्षा बिघडली, की भाडेकरू तक्रार लिहितो. ती माझ्या टेबलावर यायची. मी सर्व्हेअरची टिपणं मागवायचो, दुरुस्तीवाल्यांना विचारायचो, ते म्हणायचे, "आम्ही गेलो होतो, दार कोणी उघडलं नाही," आणि मग मी दहा दिवसांच्या आत एक पान सुबक इंग्रजी लिहायचो. तेवढ्याने भाडेकरूचं समाधान झालं नाही, तर दुसरी पायरी म्हणून प्रकरण माझ्या वरच्या बाईंकडे जायचं. त्या पॉलीन. त्यांच्याबद्दल पुढे येईलच, कारण माझ्या आयुष्यात त्यांना टाळून पुढे जाता आलेलं नाही.

या कामात माझा घात केला तो चांगल्या नशिबाच्या शब्दांनी. फॉर्च्युनेटली, लकिली, हॅपिली, थँकफुली आणि त्यांचं शेंडेफळ होपफुली. नागपूरला शाळेत आमच्या इंग्रजीच्या सरांनी हे शब्द मसाल्यासारखे वापरायला शिकवले होते. गोष्टीत मुलगा नदीत पडला की पुढच्या वाक्याला 'फॉर्च्युनेटली' लागलंच पाहिजे आणि मागून नावाडी आलाच पाहिजे. नावाडी विसरलात तर चालेल, फॉर्च्युनेटली विसरलात तर अर्धा मार्क गेला. मी ते कधी विसरलो नाही. नागपुरात एका सरकारी ऑफिसात दहा वर्षं पत्रव्यवहार केला, तिथेही माझं इंग्रजी नशीबवान म्हणून ओळखलं जायचं.

पण दोष एकट्या सरांचा नाही. आपली रीतच तशी आहे. एका दिवाळीला मंडळाच्या हॉलमध्ये आकाशकंदील टांगताना मी शिडीवरून पडलो आणि मनगट मोडून घेतलं. आठवडाभर लोक बघायला येत होते. पहिले आले ते म्हणाले, "नशीब, डावा हात." दुसरे म्हणाले, "नशीब, डोक्यावर नाही पडलात." एका गृहस्थांनी सगळी हकिगत शांतपणे ऐकली, चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "नशीब, कंदील वाचला." इथेच जन्मलेली माझी मुलगी मृणाल दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. मंडळी गेल्यावर म्हणाली, "बाबा, तुझी हात मोडली ना? मग सगळे लोक तुला काँग्रॅच्युलेट का करतात?"

तिला काय सांगणार? मला खरोखरच बरं वाटत होतं. जिवावरचं बोटावर निभावलं, असं कोणीतरी आपुलकीने म्हटलं की ठणका कमी होतो. आपल्याकडे अपघाताच्या बातमीवर फुंकर घालायची पद्धतच ती. आणि मी ही फुंकर संस्थेच्या लेटरहेडवर घालायला लागलो.

पॉलीन अस्सल कॉव्हेंट्रीच्या. रोज अकरा वाजता बेकन बॅच खायच्या (साध्या बनपावाला बॅच आणि समोरच्या कोणालाही 'लव्ह' म्हणणारं हे शहर), आणि ती खाताना डाव्या हाताने हिरव्या पेनाने आमची पत्रं तपासायच्या. माझ्या पहिल्याच महिन्यात एका भाडेकरूच्या सायकली ठेवायच्या शेडला आग लागली. त्याची सायकल जळाली. मी दुःख व्यक्त केलं, चौकशी चालू असल्याचं कळवलं आणि शेवटी फुंकर घातली की 'हॅपिली, आपल्या शेजाऱ्यांच्या सायकलला काहीही इजा झालेली नाही.' त्या दोघांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं, आणि आग शेजाऱ्यानेच लावली असा याचा पक्का समज होता. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: 'ऐकून मला अत्यानंद झाला.'

पॉलीननी मला बोलावलं.

"डिलिप, इथे हॅपी कोण आहे?"

"शेजारी."

"पत्र शेजाऱ्याला लिहिलंयस?"

"नाही."

"मग हॅपी कोण? तू?"

"मी नाही हो. मी आपलं जनरल..."

"जनरल आनंद घरी ठेवून येत जा, लव्ह."

ते उत्तर त्यांनी माझ्या टेबलासमोरच्या बोर्डावर टाचणीने लावलं. वर्षभर तिथे होतं.

दुसऱ्या एका पत्रात मी लिहिलं, 'लकिली, आमचे इंजिनिअर तासाभरात पोहोचू शकले.' पॉलीननी 'लकिली'ला हिरवं वर्तुळ काढलं.

"त्याला आपण पगार देतो. तो पोहोचला ते नशीब नाही, नोकरी आहे. तू नशीब म्हणालास, तर वाचणाऱ्याला वाटेल एरवी तो येतच नाही."

"एरवी तो येत नाहीच," मी म्हणालो.

पॉलीननी बॅचचा घास नीट चावून गिळला. "हो. पण ते आपण पत्रात कळवत नाही."

अशा ठेचा खात मी शिकलो. हे शब्द वाक्याच्या तोंडाशी बसून साळसूदपणे हवापाण्याच्या गप्पा मारल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात ते लिहिणाऱ्याचं मत सांगत असतात: जे झालं ते चांगलं झालं. कोणासाठी चांगलं, आणि ते ठरवणारे आपण कोण, हे लिहिण्याआधी विचारायचं. ज्याच्या पायावर आपण पाय दिला, त्याला 'नशीब, दुसऱ्या पायावर नाही दिला' असं सांगायचा हक्क आपल्याला नसतो. तो हक्क त्याच्या शेजाऱ्याला असतो, बायकोला असतो. पाय देणाऱ्याने पाय उचलायचा आणि गप्प बसायचं.

पुढे गंमत अशी झाली की ठेचा खाऊन खाऊन मी या विषयातला तज्ज्ञ झालो. नव्याने लागलेल्या मुलामुलींना पत्रलेखन शिकवायचं तेव्हा या शब्दांवरचा अर्ध्या तासाचा वर्ग माझ्याकडे असे. सायकलची गोष्ट मी रंगवून सांगायचो. शेजारी, आग, अत्यानंद, पॉलीनची बॅच. पोरं हसायची. शेवटी पडद्यावर मोठ्या अक्षरांत एकच प्रश्न यायचा: नशीब कोणाचं? एकजण म्हणाली होती, "तुम्ही पूर्वी कसं लिहायचात यावर विश्वासच बसत नाही." मी विनयाने मान खाली घातली होती. तो विनय आठवला की आजही कान गरम होतात.

तर या अवस्थेत, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली असताना, मिस्टर हॅनलन यांचं पत्र आलं.

चार ओळींचं पत्र, हाताने लिहिलेलं. 'माझ्या बेडरूमचं छत पलंगावर पडलं. माझ्या पत्नीने त्याबद्दल तुम्हाला आधी फोन केला होता. त्या फोनचं पुढे काय झालं ते मला कळावं. आभारी आहे.' एवढंच. सर्व्हेअरचं टिपण त्याहूनही छोटं: 'वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. गच्चीतून पाणी मुरून छत कोसळलं, पलंगावर. पलंग रिकामा. भाडेकरू बाहेर.' मी कॉम्प्युटरवर त्या पत्त्यावरच्या दुरुस्तीच्या नोंदी पाहिल्या. छताबद्दल एकही नव्हती. पॉलीन दोन आठवडे उन्हाच्या शोधात स्पेनच्या एका बेटावर गेल्या होत्या, त्यामुळे पत्र तपासायला कोणी नव्हतं. आणि मला कोणी तपासायची गरजही नव्हती. मी वर्ग घेणारा माणूस.

मी लिहिलं, 'प्रिय मिस्टर अँड मिसेस हॅनलन'. खेद व्यक्त केला. छत केव्हा दुरुस्त होईल ते कळवलं. 'आमच्याकडे अशा पूर्वसूचनेची कोणतीही नोंद नाही', असं लिहिलं. हे वाक्य जरा रुक्ष वाटलं, म्हणून त्याच्या आधी एक मऊ वाक्य घातलं: 'फॉर्च्युनेटली, त्या वेळी पलंग रिकामा होता.'

आठवड्याने रिसेप्शनवरून फोन आला की मिस्टर हॅनलन खाली आले आहेत, पत्र लिहिणाऱ्याला भेटायचं म्हणतात.

सत्तरी ओलांडलेले, उंच, इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. तरुणपणी आयर्लंडहून इथल्या मोटारीच्या कारखान्यात आलेल्यांपैकी. मी त्यांना काचेच्या छोट्या खोलीत नेलं. त्यांनी माझं पत्र टेबलावर ठेवलं आणि हाताने सारखं केलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो, सर."

"नोरा गेली," ते म्हणाले. "माझी बायको. छत पडलं त्या वेळी मी चर्चमध्ये होतो, तिच्या फ्युनरलला. इथे किती दिवस लागतात तुम्हाला माहीत आहे. चौदा दिवसांनी तारीख मिळाली. त्याच्या आधी चार महिने ती त्या पलंगावरच होती. दोन आठवडे आधी पडलं असतं, तर रिकामा नसता." त्यांनी 'फॉर्च्युनेटली'वर बोट ठेवलं. "तेव्हा तुमचं बरोबर आहे. फॉर्च्युनेट म्हणायला हवं."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. चढलेल्या आवाजाला काय उत्तर द्यायचं याचं आमच्याकडे ट्रेनिंग होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं, पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो आणि खाली कार पार्क होता.

"सर, मी अतिशय..."

"मी त्यासाठी आलो नाही." त्यांचं बोट एक ओळ खाली सरकलं. "यासाठी आलोय. नोंद नाही म्हणता. नीट पाहिलंत?"

"दुरुस्तीच्या सगळ्या नोंदी पाहिल्या, सर."

त्यांनी टोपी टेबलावर ठेवली. "त्या दिवशी मी तिची औषधं आणायला गेलो होतो. परत आलो तर म्हणाली, मी फोन केला त्यांना. छताबद्दल. मी म्हटलं, बरं, काय म्हणाले? तर म्हणाली, एक फार सभ्य इंडियन माणूस होता, तो म्हणाला, यू आर लकी, मॅडम." ते किंचित हसले. "मॉर्फिन चालू होतं तिला. मी म्हणालो, नोरा, तू स्वप्न पाहिलंस. असं कोण म्हणेल? तिने अजून दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी बरं, बरं म्हटलं. मग तिने सांगणं सोडून दिलं."

त्यांनी पत्राची घडी घातली.

"मला एवढंच हवंय. फोन झाला नसेल, तर नाही म्हणा. मी समजेन की औषधाचा परिणाम होता. पण झाला असेल, तर ती शुद्धीवर होती आणि मी तिला वेड्यात काढलं. मला माहीत असलेलं बरं."

आमच्या ऑफिसात इंडियन सात होते. सहाजण कॉव्हेंट्रीत जन्मलेले. फोन घेतला की 'हाया, यू ऑलराइट?' म्हणणारे. एखाद्या बाईला मॅडम म्हणावं, आणि तिच्या छतावरचा डाग ऐकून तिला भाग्यवान ठरवावं, असा त्या इमारतीत सातवाच होता.

"आय विल लुक इनटू इट," मी म्हणालो. एकवीस वर्षांत हे वाक्य मी हजारदा वापरलं असेन. त्याचा अर्थ साधारणपणे 'आता तुम्ही घरी जा' असा होतो.

टेबलाशी येऊन मी दुरुस्तीच्या नोंदी बंद केल्या आणि दुसरी यादी उघडली. त्याचं असं आहे: फोन संपला की तो कशाबद्दल होता ते पडद्यावर निवडावं लागतं. 'दुरुस्ती' निवडलं तर पुढे काम निघतं, माणूस जातो. 'माहिती दिली' निवडलं की प्रकरण तिथेच मिटतं. फोनवरच्या दोन मुली आजारी पडल्या की आम्हा पत्रवाल्यांना फोनवर बसवत असत, आणि मी त्या दिवशी बसलो होतो. दोन महिन्यांपूर्वीचा सोमवार. हॅनलन यांचा नंबर. सहा मिनिटं. 'माहिती दिली.' खाली माझी आद्याक्षरं.

कसली माहिती दिली? तर तुमचं नशीब चांगलं आहे, ही.

फोन रेकॉर्ड होत असत. मी हेडफोन लावले.

"हे बघ, लव्ह," पलीकडचा आवाज बारीक होता, पण खणखणीत. "पलंगाच्या बरोबर वर छताला एक तपकिरी डाग आलाय. मी दिवसभर पाठीवर पडलेली असते, त्यामुळे या डागाची माझ्याइतकी माहिती जगात कोणाला नाही. परवा बशीएवढा होता. आज जेवणाच्या ताटाएवढा आहे."

मग मी. स्वतःचा आवाज ऐकणं तसंही क्लेशदायक असतं. त्यातून तो आत्मविश्वासाने भरलेला असेल तर विचारू नका.

"पाणी टपकतंय का, मॅडम?"

"नाही, अजून नाही."

"मग लकिली, नुसता डागच आहे. यू आर लकी, मॅडम."

मी हेडफोन काढून ठेवले.

आता खरं सांगतो, कारण दिवाळी अंकात खोटं लिहिलं तर मंडळातली माणसं पुढच्या कार्यक्रमात पकडतात. मी चार दिवस काहीही केलं नाही. आमच्याकडे रेकॉर्डिंग ठरावीक काळाने आपोआप पुसली जात. त्याला अकरा दिवस उरले होते. दुरुस्तीच्या यादीत नोंद नव्हती, हे अक्षरशः खरं होतं. 'पुन्हा पाहिलं, नोंद आढळली नाही' असं लिहिलं असतं, तर माझी तीन वर्षं, माझा वर्ग, माझी ती पडद्यावरची मोठी अक्षरं, सगळं सुखरूप राहिलं असतं. अकरा दिवस नुसतं बसून काढायचे. सरकारी ऑफिसात दहा वर्षं काढलेल्या माणसाला ते जड नव्हतं.

शनिवारी सकाळी सुनीता मेथी निवडत होती. मी समोर बसून चांगल्या काड्या कचऱ्यात टाकत होतो.

"अहो, झालंय काय?" तिने विचारलं.

मी सांगितलं. सगळं, क्रमाने. ती मेथी निवडतच राहिली.

"मग? लपवणार आहात?"

"लपवणार असं नाही. पण त्या बाई तर आता नाहीत. सांगून कोणाचं काय..."

"त्या नाहीत म्हणूनच," सुनीता म्हणाली. "तो माणूस उरलेला जन्मभर समजणार की बायको भ्रमात होती. आणि तुम्हाला माहीत असणार की नव्हती. रोज सकाळी दाढी कशी करणार आहात?" मग माझ्या हातातली जुडी काढून घेत म्हणाली, "त्या बिचारीने तुम्हाला सभ्य माणूस म्हटलं. तेवढं तरी खरं करा."

सोमवारी पॉलीन परत आल्या, वीटकरी रंगाच्या होऊन. अकरा वाजता त्यांनी बॅच सोडायच्या आत मी हॅनलन यांची फाइल पुढे ठेवली, रेकॉर्डिंग कुठे आहे ते सांगितलं आणि उभा राहिलो. त्यांनी हेडफोन लावले. सहा मिनिटं ऐकलं. पूर्ण.

"तू शेवटपर्यंत ऐकलंस?"

"नाही."

"हं." त्यांनी हेडफोन बाजूला ठेवले. "पत्र लिही. तूच लिही."

मी दीड पान लिहून नेलं. पहिला शब्द होता 'अनफॉर्च्युनेटली'. अनफॉर्च्युनेटली, आपल्या पत्नींच्या फोनची नोंद दुरुस्तीच्या यादीत होऊ शकली नाही. पॉलीननी हिरवं पेन उचललंदेखील नाही.

"अनफॉर्च्युनेटली नाही, डिलिप," त्या म्हणाल्या. "ते दुर्दैव नव्हतं. तो तू होतास."

इतक्या वर्षांच्या माझ्या वर्गात ही बाजू कधी आलीच नव्हती. चांगलं नशीब कोणाचं ते विचारा, असं मी शिकवत होतो. वाईट नशिबाच्या शब्दामागे खुर्चीत बसलेला एक माणूस लपू शकतो, आणि तो माणूस बहुधा पत्र लिहिणाराच असतो, हे मला सुचलं नव्हतं. मी परत गेलो. 'होऊ शकली नाही' काढलं. 'आढळून आलं आहे' काढलं. कृपाळू, दयाळू, मऊ असे सगळे शब्द काढले, तेव्हा दीड पानातून सहा वाक्यं उरली.

'आपल्या पत्नींनी सोमवारी सकाळी आम्हाला फोन केला होता. डाग कुठे आहे, आणि बशीएवढा होता तो जेवणाच्या ताटाएवढा झाला आहे, हे त्यांनी नेमकं सांगितलं. तो फोन मी घेतला, आणि दुरुस्तीचं काम नोंदवलं नाही. फोनची नोंद नाही असं मी आपल्याला लिहिलं, ते चूक होतं. त्यांनी आपल्याला सांगितलेला शब्द अन् शब्द खरा आहे. मी आपली माफी मागतो.'

अठरा वर्षांत 'मी' हा शब्द संस्थेच्या लेटरहेडवर मी पहिल्यांदा वापरला. तोवर 'आम्ही' असायचे. आम्ही म्हणजे कोण, ते मलाही कधी नीट कळलं नाही.

त्यानंतर काय व्हायचं ते झालं. मला लेखी ताकीद मिळाली. वर्ग माझ्याकडून काढून पटेलांच्या एका मुलीला दिला. ती चांगला घेते असं कळलं, सायकलची गोष्ट माझ्यापेक्षा बरी सांगते. मी वाईट वाटून घ्यायचं ठरवलं होतं, पण तिच्या वर्गात जाऊन मागे बसलो तर मीच हसलो.

हॅनलन यांना पत्र पोस्टाने पाठवायचं नाही, असं पॉलीननी ठरवलं. त्यांना बोलावून घेतलं. तीच काचेची खोली, तीच टोपी. त्यांनी चष्मा लावून पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. बोटाने एका वाक्याखालून रेघ ओढल्यासारखं केलं. कोणतं वाक्य ते मला उलट्या बाजूने दिसलं नाही.

"म्हणजे तो इंडियन माणूस तुम्ही."

"हो, सर."

"सभ्य," ते म्हणाले. ही तक्रार होती की पावती, मला कळलं नाही. मग त्यांनी चष्मा काढला. "हे तुम्हाला कसं कळलं? इतकं सगळं. बशी आणि ताट."

"फोन रेकॉर्ड होतात, सर."

"तिचा आवाज आहे?"

पॉलीननी लॅपटॉप आधीच आणून ठेवला होता. त्यांनी तो हॅनलन यांच्याकडे वळवला आणि मला म्हणाल्या, "तू बस. तूही ऐक."

डागाची माहिती आली. बशी आली, ताट आलं. हॅनलन टेबलाची कड धरून बसले होते. मग माझा तो भरदार आवाज आला, आणि मी बुटांच्या नाड्यांकडे बघायला लागलो. लकिली, नुसता डागच आहे. यू आर लकी, मॅडम.

इथवर मी ऐकलेलं होतं. पुढचं ऐकलं नव्हतं.

"लकी!" नोराबाई म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. हळूच नाही. धाप लागेपर्यंत, मध्ये खोकला येऊन, खोकला थांबल्यावर पुन्हा. "बरं झालं सांगितलंत हो. तीन महिने पडून आहे इथे, पण हे मला कोणी सांगितलंच नव्हतं!" आणि पुन्हा हसू.

रेकॉर्डिंग संपलं. काहीतरी बोलायला हवं, हा माझा जुना रोग. मी म्हणालो, "सर, याची एक प्रत आम्ही तुम्हाला देऊ. माझा भाग काढून टाकता येतो. फक्त त्यांचा आवाज ठेवू."

मिस्टर हॅनलननी मान हलवली.

"नको. तुमचं ते वाक्य राहू द्या. ते काढलं, तर ती कशाला हसतेय तेच कळायचं नाही." त्यांनी खिशातून रुमाल काढला, पण वापरला नाही, नुसता हातात धरला. "पुन्हा लावता का? सगळं नको. तुम्ही बोलता त्याच्या जरा आधीपासून."

मी लावलं.